चार दिवस वाडीत, दारात भाड्याची गाडी

या प्रवासाचे माझ्या फोनमध्ये अकरा फोटो आहेत. त्यांतले आठ गाडीचे. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, आणि चार चाकांचा एकेक. भाड्याने गाडी घेताना कंपनीच असे फोटो काढायला लावते, परत देताना ओरखडा कुणाचा यावरून वाद नको म्हणून. उरलेल्या तिनांत एक समुद्राचा, एक बहिणीच्या वाडीचा आणि एक आईचा आहे. आईच्या फोटोत तिचा डावा पाय स्टुलावर आहे, पायाला घोट्यापासून पोटरीपर्यंत पट्टी आहे आणि ती हसते आहे. तो फोटो निघाला त्या वेळी, माझ्या सांगण्याप्रमाणे, ती अतिदक्षता विभागात असायला हवी होती. हे कसं झालं ते सांगतो. सांगताना स्वतःला फार सांभाळून घेणार नाही.

मी नाशिकला राहतो. आई शहात्तर वर्षांची, माझ्याकडेच असते. धाकटी बहीण सुनंदा लग्न होऊन आगाशीला गेली त्याला चोवीस वर्षं झाली. आगाशी म्हणजे विरारच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूचं गाव. तिच्या सासरची नारळाची, केळीची आणि फुलांची वाडी आहे. आई तिच्याकडे गेल्याला अकरा वर्षं उलटली होती. आधी माझी बदली होती, मग मुलांच्या दहावी-बारावी, मग आईचे गुडघे. यातलं कुठलंच कारण खोटं नाही, पण सगळी मिळून खोटी आहेत. मी नेलं नाही, एवढंच खरं.

आमच्या घरातली एक जुनी रीतही मला सोयीची पडली. नातू होईपर्यंत वडील सुनंदाच्या घरी पाणीसुद्धा प्यायले नव्हते. आईचं तेवढं कडक नव्हतं, तरी मुलीच्या घरी तीन रात्री राहायचं आणि चौथ्या दिवशी निघायचं, हे तिचं ठरलेलं. तिला तिथे जास्त दिवस ठेवावं असं आमच्यापैकी कुणी कधी बोललंही नाही.

मंगळवार

आईला बसमध्ये चढवत नाही आणि माझी गाडी बुटकी आहे, म्हणून नाशिकरोडच्या एका कंपनीकडून सात माणसांची उंच गाडी घेतली. आपणच चालवायची. तिची मधली सीट एक कळ ओढली की जवळजवळ आडवी होते. तशी गाडी त्यांच्याकडे ती एकच होती. मॅनेजर घुगे नावाचा तरुण माणूस. किल्ली देताना म्हणाला, "देवरे सर, शुक्रवारी संध्याकाळी आठपर्यंत हं. शनिवारी पहाटे पाचला ही परत बाहेर पडतेय."

मी मान डोलावली. ऐकलं मात्र नाही.

बायकोला शाळेतून रजा मिळाली नाही, त्यामुळे आम्ही दोघंच. जव्हार, मनोर करत दुपारी विरार फाट्याला लागलो. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांना वाटतं, वसई-विरार म्हणजे सगळ्या इमारती. पहिली आठ-दहा किलोमीटर तसं वाटतंही. पूर्वेच्या चाळी आणि इमारती, मग पूल, मग पश्चिमेला बोळिंजचे उंचच उंच मनोरे, प्रत्येक गॅलरीत वाळत घातलेले कपडे. आई म्हणाली, "सुनंदाची वाडी विकली की काय?" आणि तेवढ्यात रस्ता अरुंद झाला. दोन्ही बाजूंनी केळी आल्या, नारळी आल्या, विड्याच्या पानांचे मळे आले. गाडीत एसी चालू होता तरी काच खाली करावीशी वाटली. ओल्या मातीचा आणि मोगऱ्याचा वास येत होता.

सुनंदा फाटकात उभी होती. आईला तिनेच उतरवून घेतलं. मग आईच्या पदराचं टोक हातात धरून चालत राहिली. दाजी मात्र थेट गाडीपाशी आले. नंबराची पाटी काळी आणि आकडे पिवळे, म्हणजे गाडी भाड्याची, हे त्यांनी लगेच ओळखलं.

"दादा, घोडा भाड्याचा दिसतोय!"

मी कसनुसा हसलो. ती गाडी घेताना आईच्या गुडघ्यांबरोबर माझा रुबाबही माझ्या डोक्यात होता, हे कबूल करायला हवं. अकरा वर्षांनी आईला नेतोय, तर निदान थाटात तरी न्यावं.

रात्री उकडहंडी होती. मडक्यात कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा आणि वाटलेला हिरवा मसाला भरून तोंड बंद करतात आणि मडकं मंद आचेवर ठेवतात. पाणी घालत नाहीत. सोबत तांदळाची भाकरी. आम्ही बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याचं कूट खाणारी माणसं. आईने पहिला घास जपून घेतला आणि मग तिसऱ्यांदा वाढून घेतलं. दाजी आणि शेजारून आलेले त्यांचे चुलते आपसात वाडवळीत बोलू लागले की आई माझ्याकडे बघायची. मला तरी कुठे कळत होतं! सुनंदा मात्र त्यांच्यात त्यांच्यासारखंच भराभरा बोलत होती. आई हळूच म्हणाली, "बघ, आपली पोर किती लांब गेली." दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर अंतर. मी ताटाकडे बघत राहिलो.

बुधवार

सकाळी आईला अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर नेलं. सुरूच्या झाडांपाशीच गाडी थांबवली, कारण पुढे कुणाचीतरी गाडी मऊ वाळूत चाकं रुतवून बसली होती आणि आठ-दहा जण ती ढकलत होते. आईने दार उघडं ठेवून सीटवर बसूनच अर्धा तास समुद्र पाहिला. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. आई माशाच्या वाटेला जात नाही. पण नाकाला पदर न लावता ती म्हणाली, "यांचंही वाळवणच की."

घरी आल्यावर सुनंदाने सुकेळी काढली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, ती मधासारखी गोड होतात. आम्ही नाशिकला द्राक्षांचे मनुके करतो, इथे केळ्यांचं तेच. आई एकेक सुकेळं चघळत सुनंदाला कृती विचारत होती. किती दिवस ऊन द्यायचं, माशा बसू नयेत म्हणून काय करायचं. सुनंदा सांगत होती. दोघींना मी दिसतही नव्हतो, आणि ते बरं वाटत होतं.

दुपारी आईला वाडी बघायची होती. वाडीत बावखल आहे, म्हणजे जुनं चौकोनी तळं, त्याच्या पाण्यावर सगळी वाडी जगते. तिथून निघालेल्या पाटावर दोन फळ्या टाकलेल्या आहेत. सुनंदा पुढे होती. मी आईचा हात धरून फळ्यांवरून नेत होतो. भागीबाई नावाच्या तिथे काम करणाऱ्या बाई मोगऱ्याच्या कळ्या खुडत होत्या. त्यांनी विचारलं, "पानी पिता का आजी?" आई हसून नको म्हणाली. मग भागीबाई माझ्याकडे वळून ओरडल्या, "दादा, ती गाडी काढा तिथनं! नारळ उतरवायला मानूस चढतोय!"

मी मागे पाहिलं. गाडी नारळीच्या बरोबर खाली. वर एक जण अर्ध्या झाडापर्यंत पोचलेला. माझ्या डोळ्यांपुढे टपावर पडलेला नारळ आला, पोचा आला, ते आठ फोटो आले, भरलेली अनामत आली. आईला म्हणालो, "थांब, आलोच." आणि तिचा हात सोडून पळालो.

गाडी वाचली. मी किल्ली खिशात घालत होतो तेव्हा सुनंदाची किंकाळी ऐकू आली.

आई पाटात बसली होती. पाणी वीतभरच होतं, पण पाय फळीखाली वाकडा झाला होता. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि तरी ती म्हणत होती, "काही नाही, काही नाही. गाडी काढलीस का?"

मी पाटात उतरून तिला उचललं.

नाक्यावरच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, स्नायूला दुखापत. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि सांगितलं, पाच-सहा दिवस पाय वर ठेवायचा, चार-पाच तासांचा गाडीचा प्रवास नको, सूज वाढेल. एवढंच. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो. दाजींनी खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "दादा, हाड मोडलं असतं तर काय केलं असतं? बाकी ठेवा थोडं."

गुरुवार

आता प्रश्न गाडीचा. शुक्रवारी रात्री आठला ती नाशिकला हवी आणि आईला तर निदान मंगळवारपर्यंत हलवता येत नव्हतं. ॲपवर मुदत वाढवायचं बटण करडं झालं होतं, दाबलं जात नव्हतं. म्हणून मदतकेंद्राला फोन लावला. एका मुलीने उचलला. ती अगदी नम्र होती.

"सर, बटण चालत नाही म्हणजे तुमच्यामागे लगेच दुसरं बुकिंग आहे. वाढवता नाही येणार."

"पण आई पडली हो. पायाला लागलंय."

"सॉरी सर. फ्रॅक्चर आहे का?"

"नाही, पण सूज आहे. डॉक्टर नको म्हणालेत."

"मेडिकल इमर्जन्सी असेल तरच मी पुढे पाठवू शकते सर. किंवा आम्ही आमचा ड्रायव्हर पाठवून गाडी तिथून घेऊन जाऊ शकतो. चालेल?"

चालायला काहीच हरकत नव्हती. पाच दिवसांनी दुसरी गाडी मिळाली असती. पण त्या क्षणी मला एवढंच दिसलं की गाडी दारातून गेली, आई मुलीच्या घरी अडकली, आणि तिला परत न्यायची सोय जावयाला करावी लागली. दाजींना त्याचं काहीही वाटलं नसतं. मला वाटत होतं. आणि आणखी एक गोष्ट आत टोचत होती. मी खरं सांगितलं होतं आणि ते खरं पुरेसं मोठं नव्हतं. जणू आईचा पाय मोडला असता तर माझ्या शब्दाला वजन आलं असतं.

मी फोन ठेवला आणि बावखलाच्या काठाशी जाऊन थेट घुगेला लावला.

"घुगे, इथे विरारला आईला आयसीयूत ठेवलंय."

वाक्य तोंडातून गेलं आणि मी स्वतःच दचकलो.

"अरे बापरे. सर, तुम्ही गाडीची काळजी अजिबात करू नका. आई बघा आधी. पुढच्या पार्टीशी मी बोलतो."

दोन तासांत निरोप आला, मुदत मंगळवारपर्यंत वाढवली आहे. घरात सांगितलं तर सगळे खूश. सुनंदा म्हणाली, "कंपनी चांगली आहे हं दादा." मी होय म्हणालो. कसं जमवलं ते सांगितलं नाही.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तो शब्द आता माझ्यामागे घरभर फिरत होता. आपण देवाघरची कुठलीतरी चिठ्ठी आपल्याच हाताने भरून दिली, असं मला वाटायला लागलं. मी अभियांत्रिकीचा पदविकाधारक आहे, अशा गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. तरी दिवसभरात आठ-दहा वेळा जाऊन आईच्या कपाळाला हात लावून आलो. शेवटी ती वैतागली.

"अरे, पायाला लागलंय. डोक्याला नाही."

शुक्रवार

सकाळी आठला अनोळखी नंबरावरून फोन.

"दादा, मी वैशाली बोलतेय, मनवेलपाड्याहून. विरार पूर्वेला राहते मी. संजयदादाची बहीण."

"कोण संजय?"

"अहो, तुमच्यानंतर ज्याची गाडी होती ना, तो. नाशिकचाच. घुग्यांनी त्याला सांगितलं तुमच्या आईचं, त्याने मला. म्हणाला, आपलीच माणसं आहेत, परक्या गावात अडकलीत, जाऊन ये. काकू कशा आहेत? कुठल्या हॉस्पिटलात आहेत? मी डबा घेऊन रिक्षात बसलेय."

आपल्याकडे आजारी माणसाला कुणी भेटायला येणार नाही, असं होतं का कधी? आयुष्यभर मी स्वतः नारळपाणी आणि सफरचंदं घेऊन दवाखान्यांच्या पायऱ्या चढलो आहे. पण खोटं बोलताना मला हे सुचलं नव्हतं. मी नाक्यावरच्या दवाखान्याचं नाव पुटपुटलो.

"तिथे? तिथे तर एक्स-रे काढतात फक्त. माझ्या मुलाचा हात तिथेच दाखवला होता. आयसीयू कुठाय तिथे?"

"तुम्ही घरीच या," मी म्हणालो आणि पत्ता सांगितला. "आई घरी आहे."

"आयसीयूतून घरी? इतक्यात?"

"या तुम्ही. सांगतो."

अर्ध्या तासात रिक्षा फाटकाशी थांबली. चाळिशीची, ठेंगणी बाई, एका हातात तीन पुडांचा डबा, दुसऱ्या हातात शहाळं. नारळाच्या वाडीत शहाळं! तिला ते कुठे माहीत होतं, ती दवाखान्यात निघाली होती. आई ओटीवर पाय स्टुलावर ठेवून बसली होती आणि सुनंदा तिच्या केसांना तेल लावत होती. मघाशी सांगितलेला फोटो त्याच्या पाचच मिनिटं आधी दाजींनी माझ्या फोनवर काढला होता.

वैशालीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काकू, दवाखाना फारच चांगला दिसतोय. मला पण पत्ता द्या."

आईला काही समजेना. तेव्हा मी बोललो. तिथेच, उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर. कंपनीला काय सांगितलं, का सांगितलं, आणि बुधवारी फळीवर हात का सोडला, तेही. ते कुणी विचारलं नव्हतं, पण एकदा सुरुवात झाल्यावर थांबता येईना.

आई म्हणाली, "म्हणजे मला आयसीयूत तू घातलंस?"

दाजी फिस्सकन हसले आणि सुनंदाने डोळे वटारल्यावर थांबले. वैशाली मात्र हसली नाही. ओटीच्या कडेला बसून तिने सगळं सांगितलं. तिच्या वडिलांना, अण्णांना, चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. बसवलं तर बसतात, पण मान धरत नाही, त्यामुळे मागे आडवी होणारी सीट लागते. त्यांचे थोरले भाऊ कळवणला असतात. शनिवारी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन. दोघा भावांची चार वर्षांत भेट नाही. संजयने महिनाभर आधी ती गाडी धरून ठेवली होती, कारण तशी ती एकच.

"काल दादाने सोडून दिली," वैशाली म्हणाली. "म्हणाला, त्यांची आई आयसीयूत आहे, आपलं काय, कार्यक्रम आहे नुसता."

शनिवारी पहाटे पाच. घुगेने किल्ली देताना सांगितलेलं होतं. चोवीस तासही उरले नव्हते, आणि गाडी माझ्यासमोर, नारळीपासून लांब, सुरक्षित उभी होती.

"आईला आडवं ठेवून नेतो," मी म्हणालो. "सीट पूर्ण मागे घेतो. हळू जातो."

"डॉक्टर नको म्हणालेत," दाजी म्हणाले.

"मग मी काय करू? गाडी आज जायलाच हवी, आणि आईला इथे..."

"आईला इथे काय?" सुनंदाने तेलाची वाटी खाली ठेवली. तिचा आवाज चढला नव्हता. "बोल ना दादा. आईला इथे काय? टाकून जाणार का, असं म्हणणार होतास? माझं घर म्हणजे रस्ता आहे का? तू गाडी घेऊन जा. आई राहील. इतकी साधी गोष्ट तुला दोन दिवस सुचली नाही, आणि तिला आयसीयूत पाठवणं सुचलं!"

मी आईकडे पाहिलं. रीत तिची होती. तीन रात्री झाल्या होत्या, तो चौथा दिवस होता.

"आई, तुला चालेल?" मी विचारलं. "तुझंच म्हणणं असतं ना, मुलीकडे जास्त दिवस..."

"म्हणायचे मी," आई म्हणाली. तिने पदर सारखा केला. "पण मला राहा असं म्हणालं का कधी कुणी?"

सुनंदाचं तोंड उघडं राहिलं. "अगं, मला वाटायचं तू नाही म्हणशील. बाबा तर पाणीसुद्धा प्यायचे नाहीत."

"ते गेले की बाई, त्याला किती वर्षं झाली!"

दाजी उठले. "आता मी म्हणतो, सासूबाई, राहा. आमच्याकडे काय नारळ कमी पडणार आहेत? मंगळवारपर्यंतच का, होळीपर्यंत राहा." आणि वैशालीला म्हणाले, "ताई, ते शहाळं इकडे द्या, फोडतो. या वाडीत बाहेरून शहाळं आलं असं पहिल्यांदाच झालंय."

वैशालीने संजयला फोन लावला. "दादा, गाडी आजच येतेय," एवढं ती म्हणाली आणि पुढचं सांगायला मी फोन मागून घेतला. संजयला सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं,

"आई बऱ्या आहेत ना?"

"हो."

"मग किती वाजता पोचाल?"

घुगेला सांगणं जास्त अवघड गेलं. तो म्हणाला, "सर, आमच्याकडे असे आयसीयू फार येतात. आम्हाला ऐकून कळतं. तुमचा आवाज खरा वाटला." मग कोरडेपणाने म्हणाला, वाढवलेले दिवस काढून टाकतो, गाडी ऑफिसला न आणता थेट संजय आहिऱ्यांच्या दारात द्या, तपासायला मी तिथे येतो.

तुमच्यापैकी कुणी अशी गाडी घेऊन निघणार असेल तर एवढंच सांगतो. किल्ली घेतानाच विचारून ठेवा की आपल्यामागे गाडी कुणाला जाणार आहे आणि कशासाठी. ते सांगतील न सांगतील. पण विचारलं की निदान आपल्या डोक्यात राहतं की मागे कुणीतरी उभं आहे. अडचण आली तर जेवढी आहे तेवढीच सांगा, आणि ते गाडी न्यायला माणूस पाठवतो म्हणाले तर अपमान वाटून घेऊ नका.

साडेअकराला निघालो. वैशालीने आणलेला डबा सुनंदाने माझ्या हातात दिला, आईला लेकीच्या हातचं जेवायचं होतं. फाटकातून बाहेर पडताना आरशात पाहिलं तर कुणीच हात हलवत नव्हतं. सगळे शहाळ्याभोवती जमले होते.

जव्हारच्या पुढे एका वळणावर गाडी उभी करून डबा खाल्ला. मुगाची खिचडी, आजाऱ्यासाठी केलेली, मऊ, बिनतिखटाची. भूक होती. सगळी संपवली.

पंचवटीत आहिऱ्यांच्या दारात पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. संजय माझ्याच वयाचा निघाला. हात मिळवला, पण लगेच म्हणाला, "एक सांगतो. राग नाही. पण काल अण्णांना गाडी नाही म्हटल्यावर ते जेवले नाहीत. त्यांना नीट बोलता येत नाही, पण कळतं सगळं." मी ऐकून घेतलं. ते माझंच होतं.

घुगे गाडीभोवती फिरून चारी बाजू तपासत होता. एकही ओरखडा नव्हता. संजय मधली सीट मागे घ्यायला गेला तर त्याला कळ सापडेना. ती खाली, आतल्या अंगाला आहे. आईसाठी शोधून ठेवली होती म्हणून मला माहीत. मी दाखवली, उशी कुठे लावायची तेही दाखवलं. "आज एकदा बसवून बघू," संजय म्हणाला. त्याने आणि मी मिळून अण्णांना उचललं. हलके होते, नुसती हाडं आणि स्वच्छ पांढरा सदरा. सीटवर टेकवलं, मान उशीत बसली. अण्णांनी समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहिलं.

"चला अण्णा, आता आत," पाच मिनिटांनी संजय म्हणाला.

अण्णांनी उजव्या हाताने दाराचा दांडा घट्ट धरला. सोडायला तयार नाहीत.

"उद्या जायचंय अण्णा. उद्या."

नाही. शेवटी त्यांचा चहा गाडीतच आला. संजयची बायको चमच्याने पाजत होती, घुगे किल्ली हातात घेऊन उभा, आणि गल्लीतली दोन-तीन माणसं, कळवणला निघाले की काय, म्हणून विचारून जात होती. मलाही चहा मिळाला. मी तो बोनेटला टेकून प्यायलो. दोन दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उतरत होतं, आणि ते उतरू द्यायचा हक्क मला आहे की नाही, हा विचारही मी त्या कपापुरता बाजूला ठेवला.

त्याला आता तीन आठवडे झाले. सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो वैशालीने पाठवले. दोन म्हातारे शेजारी शेजारी, एकाच्या गळ्यात हार, दुसऱ्याची मान उशीत, आणि हाराचं एक टोक दुसऱ्याच्या मांडीवर.

आईचा पाय बरा होऊन दहा दिवस झाले. दाजी सांगतात, ती सकाळी भागीबाईंच्या जोडीने कळ्या खुडते आणि त्या फळ्यांवरून एकटी ये-जा करते. मी दर रविवारी फोन करून विचारतो, "गाडी बघू का गं न्यायला?"

"एवढ्यात नको रे," आई म्हणते. "पाय अजून दुखतोय."

मागून सुनंदाचं हसू ऐकू येतं. मी म्हणतो, बरं, मग सावकाश.